पहिल्या नंबराच्या गावाला टँकर: २२ गावांच्या शाश्वतता निर्देशांकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात पाण्यावर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेला तीन वर्षांच्या कार्यक्रमासाठी निधी मिळाला. देणगीदाराची अट एकच होती. २२ गावांमधून सहा गावं निवडायची, आणि निवड कशावरून केली ते आकड्यांत दाखवायचं. सरपंचाची ओळख नको, कुणाची चिठ्ठी नको. म्हणून 'गाव शाश्वतता निर्देशांक' काढायचं ठरलं. सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या सहा गावांत काम सुरू होणार होतं. हाताशी चार महिने, एक संख्याशास्त्राचा जाणकार, एक कृषी पदवीधर आणि गावोगावचे स्वयंसेवक होते.

२२ पैकी १३ गावं सांगोला-मंगळवेढा पट्ट्यातली कोरडवाहू. उरलेली नऊ पंढरपूर-माळशिरस बाजूची, कालव्याखालची किंवा कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेली. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिमीच्या आसपास, आणि एखाद्या वर्षी प्रत्यक्ष पडणारा पाऊस या सरासरीला क्वचितच धरून असतो. मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते, तर ऊस दोन हजार मिमीहून जास्त पाणी पितो. ही दोन्ही पिकं ज्या जिल्ह्यात शेजारी-शेजारी उभी आहेत, तिथे 'शाश्वत' कशाला म्हणायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवायला हवा होता. तो मिटवला नाही, आणि पुढचं बहुतेक सगळं त्यातूनच घडलं.

पहिली आवृत्ती

जी माहिती मिळेल ती घ्यायची, या हिशेबाने ३१ निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी, जमले. त्यांचे चार विभाग केले: पाणी, माती-पीक, उपजीविका आणि गावव्यवस्था. प्रत्येक निर्देशकातल्या सर्वांत वाईट गावाला ०, सर्वांत चांगल्याला १००, बाकीची गावं मध्ये त्या प्रमाणात. सगळ्यांना सारखाच भारांक, म्हणजे वजन, आणि शेवटी साधी सरासरी. पहिल्यांदा निर्देशांक करणारे बहुतेक जण हेच करतात. एका शीटमध्ये दोन दिवसांत काम होतं.

यादीत गाव 'क' पहिलं आलं. टेलचं गाव, सत्तर टक्के ऊस, पक्के रस्ते, दोन दूध संकलन केंद्रं. गाव 'ढ' एकविसावं. तिथे ज्वारी, तूर, मका, थोडं डाळिंब, आणि विहिरींना मे महिन्यातही हंडाभर पाणी.

ही यादी 'ढ'च्या मंदिरात वाचून दाखवली, तेव्हा मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "आवं, पयल्या नंबराच्या गावाला एप्रिलात टँकर लागतोय की. मग ह्यो नंबर कशाचा म्हनायचा?"

यादी तिथेच थांबली.

नेमकं काय बिघडलं होतं

पहिला संशय भारांकांवर गेला. सगळ्यांना सारखं वजन दिलं म्हणून घोळ झाला, असं संस्थेत वाटत होतं. शीट उघडून एकेक रकाना तपासल्यावर दिसलं, की भारांकांचा नंबर बराच नंतर लागतो.

सर्वांत मोठी चूक दिशेची होती. 'शेततळ्यांची संख्या' हा निर्देशक जास्त म्हणजे चांगला, असा धरला होता. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी साठवणारं तळं असेल तर ते बरोबरच आहे. पण 'क'मधली बहुतेक तळी प्लास्टिक अंथरलेली होती आणि बोअरच्या पाण्याने भरली जात होती. ३० × ३० × ३ मीटरचं, कडांना १:१ उतार दिलेलं तळं धरा. त्यात साधारण २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. हे पाणी जमिनीखालून उपसून उघड्यावर ठेवलं, तर उन्हाळाभर त्यातलं काही उडून जातं. ज्या गावाने जमिनीखालचं पाणी वर आणून वाळवलं, त्याला त्याबद्दल गुण मिळत होते. 'विहिरी व बोअरची संख्या' आणि 'कृषिपंप जोडण्या' यांचीही तीच गत.

दुसरी चूक एकच गोष्ट पाच वेळा मोजण्याची. बागायत क्षेत्र, ठिबकखालचं क्षेत्र, पंप जोडण्या, ट्रॅक्टर आणि ऊस क्षेत्र यांचा एकमेकांशी सहसंबंध ०.८ च्या वर निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणारे). नावं पाच असली तरी मोजमाप एकाच गोष्टीचं, आजच्या बागायती सुबत्तेचं. कागदावर भारांक समान होता, प्रत्यक्षात सुबत्तेला पाचपट वजन मिळालं. 'आम्ही कुणालाच भारांक दिलेला नाही' हे वाक्य निर्देशांकात कधीच खरं नसतं. निर्देशक निवडले की भारांक दिला गेलेलाच असतो.

तिसरी चूक मोजपट्टीची. पाच वर्षांत विहिरींची पातळी किती खाली गेली, यात २१ गावं १ ते ४ मीटरमध्ये होती आणि एकच गाव १९ मीटरवर. किमान-कमाल पद्धतीने १९ ला ० आणि १ ला १०० दिले, की ४ मीटर खचलेल्या गावाला (१९ − ४) ÷ १८, म्हणजे ८३ गुण मिळतात. एका टोकाच्या आकड्यामुळे बाकीची सगळी गावं ८३ ते १०० मध्ये चेपली गेली. जिल्ह्यातला सर्वांत मोलाचा निर्देशक असा मुका झाला.

चौथी गोष्ट म्हणजे साध्या सरासरीत होणारी भरपाई. पाण्यात कमी पडलेले गुण रस्ते आणि दूध भरून काढतात. पैसा किंवा सोयी निसर्गाच्या भांडवलाची जागा घेऊ शकतात, असं मानण्याला अभ्यासक कमकुवत शाश्वतता म्हणतात. घेऊ शकत नाहीत, ही झाली प्रबळ शाश्वतता. संस्थेने यातली कोणती बाजू घ्यायची हे ठरवलंच नव्हतं. सरासरीच्या सूत्राने ते परस्पर ठरवून टाकलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय निर्देशांकच सोडून देण्याचा. सहा-सात निर्देशकांचा तक्ता भिंतीवर लावायचा आणि गावकऱ्यांनी चर्चा करून ठरवायचं. हा पर्याय वाटतो तितका भाबडा नव्हता. पण निवड आकड्यांत दाखवा, ही देणगीदाराची अट त्यात बसत नव्हती.

दुसरा पर्याय तयार चौकट उचलण्याचा. नीती आयोगाने २०१८ मध्ये राज्यांसाठी शाश्वत विकास ध्येयांचा निर्देशांक आणि संमिश्र जल व्यवस्थापन निर्देशांक आणले. पण राज्याच्या पातळीचे निर्देशक गावात उतरत नाहीत, त्यातले निम्मे आकडे गावनिहाय मिळतच नाहीत.

तिसरा पर्याय मूळ आराखडा ठेवून पायऱ्या नीट चढण्याचा. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २००८ मध्ये संमिश्र निर्देशकांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात दहा पायऱ्या आहेत. संकल्पनेपासून सुरुवात, मग निर्देशकांची निवड, गहाळ माहिती भरणं, सहसंबंध तपासणं, सामान्यीकरण (वेगवेगळी मापं एका मोजपट्टीवर आणणं), भारांक व एकत्रीकरण, संवेदनशीलतेची चाचणी (गृहीतकं बदलली तर निकाल किती हलतो ते पाहणं) आणि पुढे मांडणी. संस्थेने पहिल्या फेरीत यातल्या तीन केल्या होत्या. हाच पर्याय निवडला.

केलेली कामं

एका दुपारी फळ्यावर व्याख्या लिहिली: "लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी पडला तरी गावातलं प्यायचं पाणी, चारा आणि मुख्य उपजीविका टिकते का?" या वाक्याला उत्तर न देणारा प्रत्येक निर्देशक काढला. ट्रॅक्टर गेले, पक्के रस्ते गेले, शौचालयं गेली. शौचालयं महत्त्वाची आहेतच, पण ती दुसऱ्या निर्देशांकातली. ३१ चे १४ उरले. पाण्याचे चार: मे महिन्यातल्या विहिरींच्या पातळीतली घट, टँकरचे दिवस, जास्त पाणी खाणाऱ्या पिकांचा वाटा आणि पाणलोटातल्या भूजल उपशाची टक्केवारी. माती-पिकाचे चार: सेंद्रिय कर्ब, क्षारता, पीकवैविध्य आणि जनावरांच्या मानाने चारा. उपजीविकेचे तीन: उत्पन्नाच्या वाटा किती, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं किती आणि थकीत पीककर्ज. गावव्यवस्थेचे तीन: ग्रामसभेची हजेरी, पाणीपट्टीची वसुली आणि नळयोजना दुरुस्तीसाठी शिल्लक रक्कम.

माहिती गोळा करताना सर्वांत जास्त वेळ उसाच्या क्षेत्राने खाल्ला. ई-पीक पाहणीतला आकडा आणि कारखान्याच्या गट कार्यालयातली नोंद जुळेना. कारण साधं होतं. कारखाना शेतकऱ्याच्या राहत्या गावावर नोंद धरत होता, पीक पाहणी मात्र गटनंबरावर. ज्यांचं घर एका गावात आणि रान दुसऱ्या गावात, त्यांच्यामुळे एका गावात ऊस फुगला आणि शेजारच्या गावातून गायब झाला. शेवटी गटनंबरच प्रमाण मानले आणि शंकास्पद गट उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासले.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. २२ पैकी फक्त नऊ गावांत अशी विहीर होती. बाकीच्यांसाठी त्याच पाणलोटातली जवळची विहीर धरली, आणि उसनी नोंद असलेल्या गावापुढे तक्त्यात तारा काढला. गहाळ आकड्याच्या जागी सगळ्यांची सरासरी टाकायचा मोह टाळला. सरासरी टाकली की ते गाव आपोआप मधल्या नंबरावर जाऊन बसतं आणि कुणाला संशयही येत नाही.

मोजपट्टीची टोकं गावांच्या आकड्यांवरून न घेता बाहेरून ठरवली. पातळीतली घट ० मीटर म्हणजे १०० गुण, ६ मीटर किंवा जास्त म्हणजे तळाचे गुण. सेंद्रिय कर्ब ०.७५ टक्के असेल तर पूर्ण गुण, कारण माती परीक्षणात त्यापुढे 'जास्त' म्हणतात. उपशाला केंद्रीय भूजल मूल्यांकनाच्याच रेषा घेतल्या: ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. टोकं बाहेरून ठरलेली असली की पुढच्या वर्षीचे गुण या वर्षीच्या गुणांशी ताडून पाहता येतात. किमान-कमाल पद्धतीत शेजारचं गाव सुधारलं तरी आपले गुण घसरतात.

इथवरच्या दुरुस्त्यांनंतर 'क'चे गुण पाणी २०, माती-पीक ५५, उपजीविका ९२, गावव्यवस्था ९३ असे झाले. साधी सरासरी ६५, नंबर दुसरा. 'ढ'चे ५८, ६६, ४० आणि ५६. सरासरी ५५.

म्हणजे अजूनही 'क' दहा गुणांनी पुढेच.

मग भूमितीय मध्य घेतला, म्हणजे चार गुणांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये साधी सरासरी सोडून हाच मार्ग धरला, कारण एका बाजूने पडलेलं दुसऱ्या बाजूने सहज भरून निघू नये. 'क' ५५.४ वर आला, 'ढ' ५४.१ वर. दहाचं अंतर सव्वावर आलं, पण क्रम उलटला नाही. भूमितीय मध्य घेतला की काम झालं, असा समज असेल तर या दोन आकड्यांकडे पुन्हा बघावं.

या सूत्राचा एक काटा आहे. एखाद्या विभागात शून्य आलं की सगळा गुणाकार शून्य. म्हणून तळाला काहीतरी किमान गुण ठेवावे लागतात, आणि किती ठेवायचे हा वरवर किरकोळ प्रश्न अजिबात किरकोळ नाही. तीन विभागांत ६० आणि पाण्यात तळ असं गाव घ्या. तळ १ ठेवला तर गाव २१.६ वर, १० ठेवला तर ३८.३ वर. सोळा-सतरा गुणांचा फरक, आणि तो अहवालाच्या तळटीपेतही कुणी लिहीत नाही. इथे ५ ठेवला आणि तसं स्पष्ट लिहिलं.

भारांकांसाठी आधी जोडीनिहाय तुलनेची पद्धत लावून पाहिली. दोन-दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि कोणती किती पटीने महत्त्वाची ते १ ते ९ मध्ये सांगायचं. ३१ निर्देशकांना ४६५ जोड्या झाल्या असत्या, चार विभागांना फक्त सहा. तरीही शेतकरी गटाच्या उत्तरांतलं विसंगतीचं गुणोत्तर, म्हणजे उत्तरं एकमेकांना किती छेद देतात त्याचं माप, ०.२३ आलं. ०.१० च्या आत यायला हवं. माणसं गोंधळलेली नव्हती, 'पाच पट महत्त्वाचं' ही भाषाच त्यांची नव्हती. आकड्यांवरूनच भारांक काढणाऱ्या मुख्य घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीचाही विचार झाला, पण २२ गावांवर ते डळमळतं. शिवाय ते ज्यात चढउतार जास्त त्याला वजन देतं, महत्त्व कशाला द्यायचं ते त्याला कळत नाही.

शेवटी चिंचोके कामी आले. जमिनीवर खडूने चार चौकोन आखले, प्रत्येक गटाला वीस चिंचोके दिले आणि वाटायला सांगितलं. शेतकऱ्यांनी पाणी-माती-उपजीविका-व्यवस्था या क्रमाने ७, ६, ४, ३ ठेवले. बचत गटाच्या बायकांनी ८, ३, ४, ५. ग्रामसेवक, कृषी सहायक वगैरे मंडळींनी ६, ६, ४, ४. बेरीज २१, १५, १२, १२, म्हणजे भारांक ०.३५, ०.२५, ०.२० आणि ०.२०. बायकांनी व्यवस्थेला पाच का दिले ते विचारल्यावर उत्तर आलं, "मोटर जळली तर पाणी असून काय करायचं?" दुरुस्तीच्या शिल्लक रकमेचा निर्देशक पुढे टिकला तो या उत्तरामुळे.

भूमितीय मध्यात हे भारांक लावल्यावर 'क' ४७.५ आणि 'ढ' ५५.२.

निर्णयाचा अवघड क्षण

यादी जाहीर करण्याआधी तिला हलवून बघितलं. भारांक पाऊण ते सव्वापट यादृच्छिक बदलले, साधी सरासरी आणि भूमितीय मध्य आलटून-पालटून घेतले, तळ १, ५ आणि १०, आणि दर वेळी एक निर्देशक गाळला. असे १,००० हिशेब त्याच शीटमध्ये चालवले. पाच गावं ९०० हून जास्त वेळा तळाच्या सहात आली. त्यांच्याबद्दल वाद उरला नाही. सहाव्या जागेसाठी मात्र चार गावं होती, प्रत्येक जण २१० ते ३१० वेळा तळाच्या सहात. त्यांच्यातला फरक आकड्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

त्या चारांत 'क'ही होता. मूळ हिशेबात त्याचा नंबर सोळावा, पण हजार हिशेबांत तो २ ते १९ असा झुलत होता, सगळ्यांत जास्त. अशा गावाचा नंबर गावाविषयी थोडं आणि सूत्राविषयी बरंच सांगतो. भरपाई मान्य केली तर ते आदर्श गाव, नाही केली तर धोक्यातलं.

तीन मतं पडली. नंबराप्रमाणे जा, चिठ्ठी टाका, किंवा चारही गावांत जाऊन पाण्याचा ताळेबंद मांडा. तिसरं केलं. ताळेबंदात दिसलं, की 'क'मध्ये बंधारा बांधून काही साधणार नाही. तिथली तूट साठवणीची नव्हती, पीकरचनेची होती. कार्यक्रमाचा पैसा बंधारे आणि गाळ काढण्यासाठी होता. म्हणून सहावी जागा कोरडवाहू पट्ट्यातल्या एका गावाला गेली. कोण दुबळं आहे हे निर्देशांकाने सांगितलं होतं. कुठे कोणतं औषध लागू पडेल हे त्याच्या चौकटीत नव्हतंच.

परिणाम

नंबर जाहीर केले नाहीत. गावं तीन पट्ट्यांत मांडली: तग धरणारी, काठावरची, धोक्यातली. शिवाय एक नियम जोडला. पाणलोट अतिशोषित असेल तर बाकी गुण कितीही असोत, गाव वरच्या पट्ट्यात जाणार नाही. या एका नियमाने भूमितीय मध्याइतकंच काम केलं आणि तो समजावून सांगायला अर्धं मिनिट पुरलं. 'क'चे सरपंच चिडले. त्यांना मागच्या यादीतला पहिला नंबर कानावर आलेला होता.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला आणि जवळपास सगळ्या गावांचे पाण्याचे गुण चढले. त्यात कामाचा वाटा किती आणि पावसाचा किती हे कळेना, म्हणून तीन वर्षांची सरकती सरासरी धरायचं ठरलं.

दुसरी अडचण कुणी ओळखली नव्हती. कमी गुणांना निधी मिळतो हे कळल्यावर दोन गावांतून टँकरची मागणी गरजेआधीच वाढली. मोजमापाला बक्षीस बांधलं की मोजमाप वाकतं. टँकरचे दिवस हा निर्देशक काढून टाकला आणि प्रत्येक गावात सहा विहिरी नेमून मे महिन्यात टेपने पातळी घ्यायला सुरुवात केली. काठावर ऑइलपेंटची खूण, टेप त्या खुणेपासूनच. वेळही ठरवावी लागली. शेतीची थ्री-फेज लाइट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी टेप सोडला तर नुकतीच उपसलेली विहीर मोजली जाते आणि पातळी उगाच खोल दिसते. म्हणून मोजणी दिवसपाळीच्या आठवड्यात, पहाटे, लाइट येण्याआधी.

वेगळं काय करता आलं असतं

फळ्यावरचं ते वाक्य पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर दीड महिना वाचला असता. ३१ रकाने भरायला स्वयंसेवकांनी घातलेला वेळ सहा विहिरी मोजण्यात घालता आला असता, आणि त्या वर्षीचे मे महिन्याचे आकडे आज हाती असते.

स्थिती आणि ताण एकाच गुणात मिसळायला नको होते. सेंद्रिय कर्ब ही स्थिती आहे, उपसा हा ताण. चांगल्या स्थितीतलं पण झपाट्याने खचणारं गाव आणि वाईट स्थितीतलं पण सावरत असलेलं गाव एकाच आकड्यावर येऊन बसतात. दोन अक्षांचा आलेख काढला असता तर 'क' कोणत्याही भारांकाशिवाय डोळ्यांत भरला असता.

ऊसतोडीच्या स्थलांतराची दिशाही अजून वादातच आहे. ते दुबळेपणाचं लक्षण मानलं गेलं, पण दुष्काळात काही घरं त्याच पैशावर तगतात. पुढच्या फेरीत मुलांसह जाणारी कुटुंबं वेगळी मोजायची असं ठरलं आहे.

आणि शिवाराची हद्द. 'ढ' आणि त्याच्या वरच्या अंगाचं गाव एकाच ओढ्यावर आहेत. वरच्या गावात नाला खोल केला की त्याचे गुण वाढतात आणि 'ढ'च्या विहिरींना येणारं पाणी कमी होतं. गावनिहाय तक्त्यात ही देवाणघेवाण दिसत नाही. भूजलाचा हिशेब पाणलोटावर आणि निधी ग्रामपंचायतीवर, असं दुहेरी एकक ठेवायला हवं होतं. या वर्षी मे महिन्याच्या मोजणीत दोन्ही गावांच्या बारा विहिरी एकाच दिवशी घ्यायच्या आहेत, वरच्या गावापासून खाली.